राजूरच्या गणपतीपुढील पंगत

जालन्याहून सुमारें २५ किलोमीटरांवर, भोकरदनच्या वाटेनें, राजूर लागतें. अंगारकीला येथें गणपतीच्या देवळापुढें पाऊल ठेवावयास जागा मिळत नाहीं. म्हणून भाचीच्या लग्नासाठीं आम्हीं मुद्दाम साधा बुधवार धरला. तिच्या वडिलांनीं जेवणावळीपायीं शेत गहाण ठेवण्याचा विचार चालविला होता. तो मोडावयाचा, एवढाच आमचा हट्ट.

पानें १००. आचारी एक, वाढपी घरचेच. वरणभात, मसालेभात, पुऱ्या, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, मठ्ठा. आणि पक्वान्न एकच, बुंदी, कारण ती आदल्या दिवशीं करून ठेवितां येते. दोन्ही भातांस मिळून तांदूळ १२ किलो लागले. व्याह्यांकडील मंडळी जिलबीवांचून नाक मुरडतील, ही धास्ती मात्र शेवटपर्यंत होती.

गुडघे धरलेल्या वडीलधाऱ्यांसाठीं टेबलें मांडलीं. त्यांवर आजींच्या जुन्या इरकली लुगड्यांच्या पट्ट्या, पळसाच्या पत्रावळी, आणि वाऱ्यानें रांगोळी टिकेना म्हणून झेंडूच्या पाकळ्यांची महिरप. विहीणबाईंनीं लुगड्याचा काठ चाचपून पाहिला व "हें कोणाचें?" असें विचारलें. आजी लाजतच पुढें झाल्या. दोघी पुढें बराच वेळ लुगड्यांविषयींच बोलत बसल्या. जिलबीचें नांवहि निघालें नाहीं.

दुसऱ्या पंगतीला मठ्ठा मात्र कमी पडला. पाणी व मीठ वाढवून वेळ निभावली.