माजघरावरचा स्लॅब

दापोलीकडे गेलात की चिऱ्याची कौलारू घरे पाहून मन निवते. भिंती भक्कम, भीती छपराची! वारा वळचणीखालून शिरतो नि छप्परच उचलतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर चढले, तेव्हा दापोली-मंडणगडात कित्येक घरांच्या भिंती उभ्या आणि माथ्यावर आकाश, अशी गत झाली.

मग निदान माजघरावर स्लॅब घालावा काय? खर्च जबर. शिवाय उन्हाळ्यात तो तापायचा, कोकणच्या पावसात गळायचा, म्हणून त्यावर पुन्हा पत्रा! नारळी-पोफळी आडव्या झालेल्या बागाइतदाराने पैसा आणावा कोठून? पण मुंबईकर चाकरमान्यांनो, गावच्या घराला गुळगुळीत फरशी बसवण्याआधी म्हाताऱ्या आईवडिलांसाठी एवढी एक खोली पक्की कराच. खिडकी लहान ठेवा, दाराला आतून अडसर घाला. बाकी घरावर कौलेच असू द्यात. ती पुन्हा चढवता येतात.