नेआर्खोसचा पुत्र

आम्हा मराठी माणसांच्या नावात वडिलांचे नाव मधोमध असते. 'फादर' ही उपाधी लागल्यापासून आमच्या नावातून ते कधी गळून पडले, हे आम्हांलाही कळले नाही.

त्याची आठवण करून दिली एका ग्रीक कुंभाराने. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या मध्यास अथेन्समध्ये त्लेसॉन द्राक्षारसाचे प्याले घडवीत असे. त्या काळचे कारागीर मातीच्याच पातळ लेपाने आकृती काढीत आणि टोकदार हत्याराने तिच्यात बारीक रेषा कोरीत. भट्टीत आधी हवा खेळू देत, मग कोंडीत, पुन्हा सोडीत. भांडे तांबडे होई, आकृती काळी राही. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील त्याच्या एका प्याल्याच्या आत शिकारी आहे. त्याच्या काठीला कोल्हा व ससा टांगलेले, सोबत कुत्रा. द्राक्षारस संपे तेव्हा तो पिणाऱ्यास दिसे.

परंतु त्याच्या कित्येक प्याल्यांवर बाहेरून चित्रच नाही. आहे ती एक सुबक ओळ: नेआर्खोसचा पुत्र त्लेसॉन याने घडविले. नेआर्खोस स्वतः कुंभार व चित्रकार होता. चित्राच्या जागी मुलाने बापाचे नाव मांडले.

आमचे वडील सुतार होते. त्यांनी घडविलेली दारे गावात अजून उघडतात, मिटतात. एकावरही त्यांचे नाव नाही. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत बालकांच्या पित्यांची नावे लिहिण्यात आमची वर्षे गेली. गेल्या रविवारी त्याच पानावर सही करताना आम्ही प्रथमच आमचे पूर्ण नाव लिहिले.