चार गोळे आणि एक उचल

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. म्हणून वार्षिकांकात काहीतरी भारदस्त लिहावे, असे मनात होते. पण खरे सांगायचे तर गेल्या वर्षीच्या माझ्या कितीतरी रात्री एका रणगाड्यात गेल्या.

हा रणगाडा खोलीतल्या मित्राच्या लॅपटॉपवर आहे. ‘वर्ल्ड ऑफ टँक्स’ या इंटरनेटवरच्या खेळात पंधरा गाडे एका बाजूला, पंधरा दुसऱ्या बाजूला. माझा आवडता गाडा ‘एएमएक्स ५० बी’ हा अवजड फ्रेंच रणगाडा. प्रत्यक्षात त्याचे नमुनेच तेवढे बनले. सैन्यात तो कधी दाखल झाला नाही.

आमच्या आष्टी तालुक्याला नगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, जवळचे. तिथल्या रणगाडा संग्रहालयात मी विजयंता पाहिला. त्यात चौघे बसत. एकाचे काम फक्त तोफेत गोळा भरण्याचे. माझ्या गाड्यात ते काम यंत्र करते. चार गोळ्यांचा ड्रम. दोन-तीन सेकंदांना एक गोळा सुटतो. समोरचा सावरेपर्यंत खेळ आटोपतो. त्या क्षणी राजा झाल्यासारखे वाटते. मग ड्रम रिकामा होतो, आणि तो भरायला जवळजवळ अर्धे मिनिट लागते. तेवढा वेळ एवढा मोठा गाडा म्हणजे नुसता पत्र्याचा डबा! आपल्या सैन्याने १९६५ च्या युद्धात वापरलेल्या हलक्या ‘एएमएक्स-१३’ मध्येही सहा-सहा गोळ्यांचे दोन ड्रम होते. बारा गोळे संपले, की ते बाहेरून भरावे लागत.

गेल्या जानेवारीत एका रात्री माझा ड्रम भरत आला होता, तोच अण्णांचा फोन आला. अण्णा आणि आई ऊसतोडीला कोल्हापूरकडे होते. मी फोन कापला. सकाळी लावला तर आई म्हणाली, “रात्री गाडी भरायला यायला उशीर होता, तर म्हणले पोराशी बोलावं. आता फडात गेलेत.”

पावसाळ्यात अण्णा घरी असताना मी त्यांना हा खेळ समजावला. फोनचे मात्र सांगितले नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “म्हंजी ही उचलच झाली की! सगळी एकदम हातात, आन् मग सहा म्हैने भरत बसा.”

त्या वर्षीची उचल माझी फी, घरावरचे पत्रे आणि मुकादमाची मागची बाकी यांत आठवड्यात संपली होती.

“आन् गोळे सपल्यावर रं?”

“मागं सरायचं अण्णा. आडोसा धरायचा.”

“आपल्याला कुठला आडोसा?” असे म्हणून ते हसले आणि कोयत्याला धार लावू लागले. मला हसता आले नाही.

मित्रहो, त्या दिवसापासून मी खेळ सोडला, असे लिहिले तर ते खोटे होईल. यंदाही दिवाळीनंतर अण्णा आणि आई गेले आहेत, आणि शनिवारी रात्री मी खेळतोच. पण फोन वाजला की हात की-बोर्डवरून काढतो. ड्रम भरलेला असो की रिकामा, गाडा उघड्यावर तसाच उभा राहतो. कुणीतरी येऊन तो जाळतो.

जळू दे. अण्णा विचारत असतात, “जेवलास का?”