नव्या चिटणीसबाईंस

सांगली, रविवार

चि. सौ. भाचीस,

तुझे पत्र पावले. गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेने तुला बिनविरोध चिटणीस केले आणि पहिल्याच ठरावान्वये रंगीत डब्यांच्या खरेदीस मंजुरी दिली, हे वाचून आनंद झाला. बिनविरोध निवड म्हणजे ते पद दुसऱ्या कोणालाच नको होते असा अर्थ बहुधा निघतो, तथापि अभिनंदन. डब्यांवरील फलकासाठी कोणती वस्तू कशात टाकावी याची संपूर्ण यादी तू रसायनशास्त्राच्या या जुन्या मास्तराकडे मागितली आहेस. ती मी देत नाही.

कारण असे की, हे शास्त्र माझ्याहून अधिक जाणणाऱ्या कचरावेचक स्त्रिया रोज सकाळी तुझ्याच जिन्याशी येतात. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, कचरा वेचणे हे काम आहे आणि ते करणारी व्यक्ती कष्टकरी आहे ही गोष्ट शहराच्या दप्तरी रुजू झाली, आणि २००८ पासून त्यांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलू लागली, हा इतिहास तुझ्या सभासदांपैकी किती जणांना ठाऊक असेल याची मला शंकाच आहे.

दिवाळीत तुझ्याकडे आलो होतो तेव्हा वाहनतळाच्या कोपऱ्यात त्यांपैकी एका बाईंचे काम मी पाहत बसलो. पाण्याची बाटली हाती येताच त्यांनी टोपण काढले, वेष्टन नखाने फाडले, बाटली टाचेखाली चेपली आणि तिन्ही वस्तू तीन ठिकाणी टाकल्या; शेजारणीशी चाललेले बोलणे मात्र क्षणभरही थांबले नाही. यातील युक्ती तुला घरी बादलीभर पाण्यात पडताळता येईल. टोपणाचा तुकडा तरंगतो, बाटलीचा बुडतो, कारण बाटली पेट नावाच्या प्लास्टिकची असते आणि टोपण पाण्याहून हलक्या पॉलिप्रॉपिलीनचे किंवा पॉलिथिलीनचे; कारखान्यातही प्लास्टिकचा चुरा धुताना याच गुणाचा आधार घेतात. पण पीव्हीसीसुद्धा बुडते, आणि बाटलीवरचे आवळून बसवलेले वेष्टन कित्येकदा त्याचेच असते. पेट वितळायला २५० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते. तेथवर पीव्हीसीचा निभाव लागत नाही, त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो आणि उत्तम माल पिवळा, ठिसूळ होऊन बसतो. नखाने फाडलेल्या त्या वेष्टनाचे मोल हे असे आहे.

प्लास्टिकच्या वस्तूंवर छापलेल्या त्रिकोणातील अंकांविषयी तू विचारले आहेस. ही पद्धत अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाने १९८८ मध्ये काढली: १ म्हणजे पेट, २ आणि ४ म्हणजे पॉलिथिलीनचे घट्ट व सैल प्रकार, ३ पीव्हीसी, ५ पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरीन, आणि ७ मध्ये उरलेले सारे. मात्र अंकावरून वस्तूची जात कळते, तिला गिऱ्हाईक आहे की नाही ते कळत नाही. वेफर्सचे चकचकीत पाकीट मुठीत चुरगाळून सोड. ते पुन्हा उलगडले तर ते धातूचा मुलामा दिलेले बहुपदरी प्लास्टिक, आणि तसेच चुरगाळलेले राहिले तर अॅल्युमिनियमचा पत्रा. पत्र्याला भंगारात भाव असतो, पाकिटाला जवळजवळ नाही. धातूंतले लोखंड ओळखायला लोहचुंबक पुरतो. जुन्या जर्मनच्या पातेल्याला तो चिकटत नाही, आणि पितळी म्हणून आलेल्या वस्तूला चिकटला तर आत लोखंड आहे असे खुशाल समजावे.

एक परीक्षा मात्र कोणी शिकवली तरी करू नये. प्लास्टिक जाळून ज्वालेचा रंग व धुराचा वास यांवरून जात ओळखण्याची रीत काही पुस्तकांतही दिलेली आढळते, आणि तांब्यासाठी तारेवरचे पीव्हीसीचे वेष्टन जाळण्याचा धंदा तर सर्रास चालतो. पीव्हीसीचा तो धूर फुप्फुसांना घातक, आणि त्यात डायॉक्सिनसारखी विषेही असतात.

घरगुती धोकादायक कचरा निराळा ठेवण्याचा दंडक २०१६ च्या केंद्रीय नियमांतच होता. परंतु नियम आणि अंमल यांत आपल्याकडे जे अंतर असते ते येथेही आहे, म्हणून काळजी घरातच घ्यावी. जुन्या नळकांडी दिव्यात पारा असतो, तो अखंड स्थितीतच द्यावा. फुटला तर खिडक्या उघडाव्यात आणि केरसुणी न लावता जाड कागदाने तुकडे उचलावेत. भ्रमणध्वनीची लिथियम बॅटरी पोत्यात दाबली जाऊन भोक पडले की पेट घेऊ शकते. मधुमेहाच्या सुया टोपण असलेल्या जाड बाटलीत बंद कराव्यात, काच कागदात गुंडाळून वर तसे लिहावे, आणि सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात बांधून त्यावर लाल ठिपका काढावा. हा ठिपका ‘स्वच्छ’च्या बायकांनीच मागितला होता, कारण पुडके उघडून पाहण्याची पाळी त्यांच्यावर येत असे. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात विद्यापीठाने लिलावात काढलेले एक जुने यंत्र आले आणि त्यात कोबाल्ट-६० आहे हे न कळता ते फोडले गेले. एक मनुष्य प्राणास मुकला, अनेकांना किरणोत्सर्गाची इजा झाली. तुझ्या इमारतीतून कोबाल्ट निघणार नाही हे मी जाणतो. पण आत काय आहे ते देणाऱ्याने सांगितले नाही, तर घेणाऱ्याचा अनुभव कितीही पक्का असला तरी तो निष्फळ ठरतो, हे त्या प्रकरणावरून दिसते.

म्हणून जाती ओळखण्याचा भार सभासदांवर टाकू नकोस. त्यांच्याकडून दोनच गोष्टी घे. कोरडे ते कोरडे राहू दे, कारण आमटीने भिजलेला पुठ्ठा रद्दीवाला घेत नाही. आणि टोचणारे, फुटणारे, पेटणारे जे असेल ते लपवून देऊ नये. शिवाय काही संस्थांत चांगली रद्दी आपण विकून पैसे संस्थेच्या खात्यात जमा करण्याची आणि उरलेली घाण तेवढी बायकांच्या हवाली करण्याची चाल आहे, ती मला निखालस अन्यायाची वाटते. सुका माल विकून येणारा पैसा हा त्यांच्या मजुरीचाच हिस्सा आहे. त्याला हात लावणारा ठराव आला तर विरोधी मत इतिवृत्तात नोंदवून ठेव.

पुढच्या सभेत वाहनतळाच्या त्या कोपऱ्यावर पत्रा, एक दिवा आणि पाण्याचा नळ यांची तजवीज कर, फाटकापाशी धोकादायक वस्तूंसाठी कुलपाची पेटी ठेव, आणि फलकाचा मसुदा रंगाऱ्याकडे धाडण्यापूर्वी त्या बाईंना वाचून दाखव. त्या जेथे हरकत घेतील तेथे दुरुस्ती कर.

कळावे.

तुझा,
मामा