माझी सही

मी टेस्ट पायलट होतो असे कळले की माणसे माझ्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहू लागतात. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले एखादे गृहस्थ हातातली जिलबी खाली ठेवून विचारतात, "म्हणजे विमान उलटेसुलटे करून पाहत होता की काय?" त्यांचा दोष नाही. १९५५ सालच्या ऑगस्टमध्ये बोइंगच्या टेक्स जॉन्स्टन नावाच्या वैमानिकाने सिॲटलजवळच्या लेक वॉशिंग्टनवर, जमलेल्या गर्दीच्या डोक्यावर, चार इंजिनांचे भलेमोठे जेट खरोखरच कुशीवर वळवून पुरते लोळवले होते. तेव्हापासून ती कीर्ती आमच्या साऱ्या जातीला चिकटली आहे.

माझे काम तसे नव्हते. नव्या नमुन्याचे विमान प्रथम उडवणारे वैमानिक वेगळे. मी दुरुस्तीहून आलेले विमान उडवणारा. जेट विमान काही वर्षे चालले की हँगरमध्ये नेऊन त्याचा सांधा न् सांधा मोकळा करतात, तपासतात आणि पुन्हा जोडतात. त्यात प्रवासी बसण्यापूर्वी कोणीतरी ते एकदा वर नेऊन आणावे लागते. मुंबईहून निघून अरबी समुद्रावर दोन तास घिरट्या, मागे रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा आणि मांडीवर कागदांची चळत, एवढेच माझे शौर्य!

ज्या गोष्टी प्रवाशांच्या वाट्याला कधीही येऊ नयेत, त्या मी मुद्दाम घडवून आणीत असे. चांगले चाललेले इंजिन बंद करायचे आणि ते पुन्हा सुरू होते का पाहायचे. केबिनमधला दाब उतरू द्यायचा आणि आतली हवा १०,००० फुटांवरल्याइतकी विरळ झाली की भोंगा वाजतो का ते ऐकायचे. चाके नेहमीच्या यंत्राने न उतरवता कॉकपिटच्या जमिनीतले झाकण उघडायचे, तिथल्या तीन मुठी एकेक करून ओढायच्या, आणि तिन्ही चाके आपल्याच वजनाने खाली येऊन घट्ट बसली म्हणजे सुटकेचा निःश्वास टाकायचा.

सर्वांत नावडती चाचणी हायड्रॉलिकची. आमच्या बोइंग ७३७ मध्ये पंखांचे आणि शेपटीचे हलते भाग फिरवायला तेलाच्या दाबाच्या दोन यंत्रणा असतात. दोन्ही बंद पडल्या तरी तारांच्या आधाराने, निव्वळ हाताच्या बळावर विमान आवरता यावे अशी सोय केलेली असते. ती शाबूत आहे की नाही हे कळायला दोन्ही यंत्रणा हवेत बंद कराव्या लागतात. रिकाम्या फिरणाऱ्या जात्यात मूठमूठ दाणे पडावेत, तसे हातातले चाक त्या क्षणी एकदम जड होते.

१९८८ सालची दिवाळी आठवड्यावर आली होती. अशीच एक चाचणी चालू असता, यंत्रणा बंद करताच विमानाचे नाक खाली जाऊ लागले. फार नव्हे, पण कागदावर लिहिलेल्या मर्यादेपेक्षा अधिक जोर लावावा लागला. उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. घरी मुलांनी आकाशकंदील अर्धवट करून माझ्यासाठी ठेवला होता. शिडीपाशी आमचे वयस्क फोरमन उभे होते. त्यांना सगळेच अण्णा म्हणत. मी उतरता उतरताच म्हणालो, "अण्णा, खाली ओढतंय. एक फेरा द्या, की झालं." अण्णांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी १५,००० फुटांवर पुन्हा यंत्रणा बंद केल्या, आणि समोरच्या काचेतले आकाश नाहीसे झाले. नुसता समुद्र! आम्ही दोघांनी चाक पोटाशी ओढले, ते येईना. सहवैमानिकाने एक हात सोडून बटणे पुन्हा चालू केली, दाब परत आला आणि नाक वर आले. तेवढ्यात २,००० फूट गेले होते. बराच वेळ आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

खाली वेळापत्रकवाले वाट पाहत होते. "कॅप्टनसाहेब, दिवाळीची गर्दी आहे. नेहमीच्या उड्डाणात तर ठीक चालतंय ना? दोन्ही यंत्रणा एकदम कधी बंद पडतात?" प्रश्न बिनतोड होता. मी सही केली नाही.

मग मी तावातावाने अण्णांना गाठले. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, तुम्ही सांगितलंत तेच केलं." आणि तेच खरे होते. शेपटीवरच्या एलेव्हेटरच्या मागच्या काठाला एक अरुंद पट्टी असते. पट्टी वर गेली की एलेव्हेटर खाली जातो, आणि पट्टी खाली गेली की तो वर येतो. 'खाली' हा शब्द मी विमानाच्या नाकाविषयी बोललो. अण्णांनी तो पट्टीविषयी ऐकला आणि इमानाने तिला वर घेतले. उद्याच्या शेसव्वाशे माणसांचा जीव माझ्या एका अर्धवट वाक्याला टांगला गेला होता, आणि ते वाक्य मी घरी जाण्याच्या घाईत टाकले होते.

"अण्णा, चूक माझी. मी लिहून द्यायला हवं होतं."

'असू द्या' असे काही ते म्हणाले नाहीत. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी माझ्यापुढे धरली. "मग आता लिहा."

तिसऱ्या उड्डाणाला अण्णा आपण होऊन आले आणि माझ्या पाठीमागच्या खुर्चीवर बसले. यंत्रणा बंद केल्या. चाक जड झाले, पण नाक जागचे हलले नाही. त्या दिवशी मी सही केली.

पुढे २००९ सालच्या जानेवारीत इंग्लंडच्या आकाशात एका ७३७ ने याच चाचणीत १५,००० फुटांवरून ५,६०० फुटांपर्यंत बुडी मारली. विमान आणि माणसे सुखरूप उतरली. चौकशीचा अहवाल मी निवृत्तीनंतर वाचला. सूचना तोंडी गेली होती. पट्टी उलट बसली होती. वाचताना माझ्या हाताला दरदरून घाम सुटला होता.

म्हणून हल्ली पंगतीत कोणी विचारले, तर मी खरे ते सांगतो, "नाही हो, मी कागद लिहीत असे." ते गृहस्थ क्षणभर हिरमुसतात आणि पुन्हा जिलबीकडे वळतात.