पुतणीची परदेशवारी व आमची परीक्षा

घरांतील एखादें माणूस प्रथमच परदेशीं जावयास निघालें म्हणजे तें एकटेंच प्रवास करतें असें नाहीं. सारें घरच त्याच्याबरोबर थोडेंबहुत जागचें हलतें. आमची धाकटी पुतणी गेल्या कार्तिकांत कचेरीच्या कामासाठीं नऊ दिवस जपानला जाऊन आली, तेव्हां ह्या गोष्टीचा आम्हांस पुरता प्रत्यय आला. ती गेली यंत्रांच्या कामासाठीं. परीक्षा मात्र झाली आमची, आणि तींत आम्ही प्रथम नापास झालों. पस्तीस वर्षें दुसऱ्यांचे पेपर तपासलेल्या मास्तरानें आपला निकालही आपणच सांगावा हें बरें, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचें घर पुण्याच्या शनिवार पेठेंत आहे. जुना वाडा गेला व त्या जागीं इमारत उभी राहिली. तरी शेजारशेजारच्या दोन बिऱ्हाडांतून आम्ही दोघे भाऊ, आमच्या मंडळी, मुलें आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या मातुश्री असे सारे एकाच स्वयंपाकघरांत जेवतों. आम्ही स्वतः जुन्या अकरावीचे, म्हणजे मॅट्रिक; संस्कृत तेवढें शास्त्रीबुवांच्या पुढ्यांत बसून शिकलों. उत्तरेस काशी व दक्षिणेस रामेश्वर ह्यांपलीकडे आमचें पाऊल पडलेलें नाहीं. पुतणी मात्र इंजिनियर. कारखान्यांतील यंत्रांना हुकूम देणाऱ्या संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचें तिचें काम. नागोया शहराजवळच्या एका कारखान्यांत त्या आज्ञावली बसवून दाखविण्यासाठीं तिला पाठविण्याचें कचेरीनें ठरविलें, आणि आमच्या घरांत एकच धांदल उडाली.

समुद्रगमनाचा प्रश्न आमच्या समाजांत एके काळीं केवढा मोठा होता, हें वाचकांस सांगावयास नको. बौधायनानें समुद्रप्रवास पतनास कारण होणाऱ्या कर्मांत घातला आहे. आणि त्याच बौधायनानें उत्तरेकडील लोकांत तो रूढ असल्याची नोंदही करून ठेवली आहे! राघोबादादांचा वकील म्हणून हणमंतराव नांवाचा ब्राह्मण विलायतेस गेला होता. तेथें त्याच्या सोंवळ्याची कुचंबणा होते आहे हें पाहून एडमंड बर्क ह्या प्रसिद्ध मुत्सद्द्यानें १७८१ मध्यें आपल्या बागेंतील कांचघर त्याला स्वयंपाकासाठीं मोकळें करून दिलें. पुढें १८८३ मध्यें आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, तेव्हां त्यांना लोकनिंदा किती सोसावी लागली हें सर्वश्रुतच आहे. आमच्या पुतणीला कोणीं प्रायश्चित्ताविषयीं विचारलें नाहीं. विचारलें तें जपानी कारखान्याचें आमंत्रणपत्र, रोजच्या कार्यक्रमाचा तक्ता आणि मुक्कामाचा पत्ता. कारण व्हिसासाठीं तीं कागदपत्रें लागतात. काळाबरोबर धर्मशास्त्री बदलले, इतकेंच.

तयारीला मात्र जुन्या-नव्याचा भेद नव्हता. जपानांत विजेचा दाब १०० व्होल्ट व आपल्याकडे २३०, तेव्हां कोणतें उपकरण तेथें चालेल आणि कोणतें नाहीं ह्याची यादी आमच्या बंधूंनीं केली. फळें नेण्यास मनाई असल्यामुळें मातुश्रींनीं काढून ठेवलेलीं लिंबें परत टोपलींत गेलीं. परंतु मेतकूट, चिवडा व डिंकाचे लाडू ह्यांनीं निम्मी पेटी भरली. तेथील भाज्यांच्या रश्शांतही पुष्कळदां सुकविलेल्या माशाचा अर्क असतो हें कळल्यावर तर मातुश्रींनीं मेतकुटाचा दुसरा डबा भरला. पुढें पुतणीनें कळविलें कीं जपानी तांदूळ आपल्या मऊ भातासारखा चिकट शिजतो, व त्यावर मेतकूट फार गोड लागतें.

आमच्याकडे उपदेशाचें खातें होतें. निघण्याच्या आदल्या रात्रीं तिनें आम्हांस मोबाईलवर जपानी अक्षरांचा तक्ता दाखविला, आणि आम्ही खुर्चींतून उठलोंच. अ, इ, उ, ए, ओ हे स्वर. मग क, स, त, न, ह, म, य, र, व! शेंकडों वर्षांपूर्वीं बौद्ध भिक्षूंनीं मंत्रांसाठीं आपली सिद्धम् लिपी तेथें अभ्यासिली, आणि त्या अभ्यासांतून जपानी अक्षरांस हा क्रम लागला. कंठापासून ओठांकडे येणारी आपली वर्णमाला, बौधायनाची आज्ञा न विचारतां, केव्हांच समुद्र ओलांडून गेली होती. त्या आनंदाच्या भरांत आम्हीं तिला मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांतील सत्य आणि प्रिय ह्यांविषयींचा श्लोक म्हणून दाखविला व बजावलें, "परक्या मुलखांत आहेस. मोठ्या माणसांना तोंडावर नाहीं म्हणूं नकोस. अप्रिय बोलूं नये."

दुसरे दिवशीं मातुश्रींनीं तिच्या हातावर दही घातलें. "जातें म्हणूं नये, येतें म्हण," असें त्या म्हणाल्या. ती "येतें" म्हणाली व गेली.

पहिले तीन दिवस कौतुकाचे गेले. जपानची वेळ आपल्यापुढें साडेतीन तास. त्यामुळें आमच्या दुपारच्या चहाच्या सुमारास तिची संध्याकाळ होऊन गेलेली असे, व मोबाईलच्या पडद्यावर ती आम्हांस दिसे. आपल्या नांवाचें कार्ड दोन्ही हातांनीं द्यावयाचें आणि समोरच्याचें दोन्ही हातांनीं घेऊन वाचावयाचें, खिशांत कोंबावयाचें नाहीं, हें ऐकून आम्हांस अक्षताच आठवल्या. खाणावळींत बक्षिसी ठेवण्याची चाल नाहीं, हेंही तिनें सांगितलें. मातुश्री पडद्यासमोर बसून प्रत्येक वेळीं एकच विचारीत, "जेवलीस का?"

चौथ्या दिवशीं, बुधवारीं सकाळीं, मातुश्री न्हाणीघरांत पाय घसरून पडल्या. मांडीचें हाड खुब्याजवळ मोडलें. डॉक्टरांनीं सांगितलें कीं ह्या वयांत अंथरुणावर पडून राहणें हेंच अधिक धोक्याचें. निजून राहिल्यानें छातींत कफ सांचतो, रक्ताच्या गुठळ्या होतात, म्हणून शक्य तितक्या लवकर शस्त्रक्रिया करून माणसास उठवून बसवावें. शुक्रवारची वेळ ठरली. त्या रात्रीं रुग्णालयाच्या ओसरींत आम्हां सर्वांचें एकमत झालें, तें हें कीं पोरीला कळवूं नये. ती परमुलखांत, एकटी, पहिलेंच काम. जीव टांगणीला लागेल. गुरुवारीं तिनें विचारलें, "आजी कुठें दिसत नाहीं?" बंधूंनीं आमच्याकडे पाहिलें. आम्ही मास्तर, वेळेवर उत्तर सुचणें हा आमचा धंदा. आम्ही म्हणालों, "देवळांत गेली आहे."

शुक्रवारीं शस्त्रक्रिया पार पडली. शनिवारीं दुपारीं पुतणीचा फोन आला, तो नेहमींच्या वेळेआधीं. चेहरा उतरलेला होता. म्हणाली, "अण्णाकाका, तुम्हांला एक सांगायचं आहे. माझ्या हातून चूक झाली होती."

झालें होतें तें असें. गुरुवारच्या बैठकींत तेथील वृद्ध अधिकाऱ्यांनीं तिला विचारलें कीं सांगितलेले फेरफार तीन आठवड्यांत पुरे होतील ना? सहा आठवड्यांचें काम आहे हें ती जाणत होती. तिच्या बरोबरचे वरिष्ठ त्या वेळीं दुसऱ्या विभागांत होते. समोर वडील माणूस, टेबलाभोंवतीं आठ जण आणि कानांत आमचा उपदेश! ती "हो" म्हणाली. समोरच्यांनीं ती तारीख वहींत लिहिली आणि तिच्यादेखत पुढील सारीं कामें त्या तारखेवर आंखलीं. यंत्र बंद ठेवण्याचा दिवससुद्धां ठरला.

रात्रीं तिनें वरिष्ठांना सर्व सांगितलें. ते जपानांत पुष्कळ वेळां गेलेले गृहस्थ. ते रागावले नाहींत. पण त्यांनीं तिला एक मर्माची गोष्ट सांगितली. जपानी माणूससुद्धां तोंडावर नाहीं म्हणत नाहीं. तो बोलतांना 'हाय, हाय' म्हणतो, त्याचा अर्थ 'ऐकतों आहें' एवढाच पुष्कळदां असतो. नकार द्यावयाचा असला म्हणजे तो 'कठीण आहे' असें म्हणून थांबतो, आणि ऐकणारा समजतो. मात्र एकदां तारीख दिली म्हणजे ती दिली. "तूं 'कठीण आहे' एवढंच म्हणायला हवं होतंस," ते म्हणाले. "त्यांत त्यांचा मान राहिला असता आणि खरंही राहिलं असतं."

शुक्रवारीं सकाळीं ती त्या अधिकाऱ्यांपुढें गेली. सहा आठवडे कां लागतील ह्याचा कामवार हिशेब तिनें रात्रीं जागून कागदावर मांडला होता. तो पुढें ठेवून, काल आपण चुकीचें उत्तर दिलें असें तिनें सांगितलें. ते गृहस्थ बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग दीड तास त्यांनीं त्या कागदांतील एकेका ओळीवर प्रश्न विचारले, दोन कामें पुढें ढकललीं आणि नवी तारीख लिहिली. तिच्या पुण्याच्या साहेबांनीं फोनवरून तिची बरीच कानउघाडणी केली. पुढचें मोठें काम आतां मिळेल कीं नाहीं, ह्याची कोणालाच खात्री नव्हती.

"तुम्ही तो श्लोक सांगितलात ना काका," ती शेवटीं म्हणाली, "त्यांत आणखी एक चरण आहे. मीं काल रात्रीं पाहिला. प्रिय असलं तरी खोटं बोलूं नये, असा."

होता, आहेच. पस्तीस वर्षें वर्गांत तो श्लोक आम्ही शिकविला, पण विचार करतां दिसून आलें कीं अप्रिय सत्य बोलूं नये ह्या दुसऱ्या चरणाशींच आम्ही नेहमीं थांबत आलों. तो चरण सोयीचा आहे. शाळेंत तपासनीसांपुढें, घरांत वडिलांपुढें, आजाऱ्याच्या उशाशीं तो आमच्या उपयोगीं पडला. तिसऱ्या चरणाची गांठ घालून दिली ती सव्वीस वर्षांच्या मुलीनें, आणि तीही अशा वेळीं कीं आमचें खोटें उत्तर दोनच दिवसांपूर्वींचें, ताजें होतें. तरी त्या क्षणीं आमच्या तोंडून खरें निघालें नाहींच. "आजी कशी आहे?" असें तिनें विचारलें, आणि आम्ही "बरी आहे" म्हणालों.

रात्रीं झोंप आली नाहीं. बंधूंना उठविलें. ते म्हणाले, "तिचे दोनच दिवस उरले आहेत. आतां सांगून काय मिळवायचं?" त्यांचें म्हणणें मायेचें होतें, आणि खोटें तर नव्हतेंच. आम्ही एवढेंच म्हणालों कीं तिनें आपल्या धन्याचें नुकसान पत्करून सत्य सांगितलें. आपल्याला तर फक्त लाज पत्करावयाची आहे. ते बराच वेळ गप्प बसले व मग म्हणाले, "तूंच सांग."

आमचे पहाटेचे चार, म्हणजे तेथील सकाळचे साडेसात. आम्हीं सर्व सांगितलें. ती कांहीं बोलेना. मग विचारलें, "केव्हां पडली?"

"बुधवारीं."

"आणि गुरुवारीं देवळांत गेली होती."

त्या वाक्यांत राग नव्हता. असता तर बरें वाटलें असतें. नंतर तिनें तीन प्रश्न विचारले: डॉक्टर काय म्हणतात, आजी उठून बसली का, आणि मीं परत येऊं का? तिच्याच कागदासारखीं आम्हीं तिला ओळीवार उत्तरें दिलीं. आमच्या साडेआठ वाजतां, म्हणजे तेथील दुपारीं बाराला, रुग्णालयांतून आजी-नातीची भेट करून दिली. मातुश्रींचा आवाज क्षीण होता, पण शब्द स्वच्छ होते. "हाड मोडलंय, जीभ नाहीं. काम पुरं करून ये. आणि जेवलीस का?"

ती काम पुरें करून आली. पेटी घरांत ठेवून ती आधीं रुग्णालयांत गेली, आमच्याशीं नंतर बोलली. दोन-तीन दिवस तिच्या बोलण्यांत किंचित् अंतर आम्हांस जाणवलें. तें रास्तच होतें, आणि आम्हीं तें समजूत घालून मिटविण्याचा यत्न केला नाहीं.

आमच्यासारखीं घरें पुष्कळ आहेत. त्यांचीं मुलें आज जर्मनी, जपान, अमेरिका येथें कामासाठीं जातात, आणि 'तिकडे कळवूं नका' हें वाक्य त्या प्रत्येक घरांत केव्हां ना केव्हां उच्चारलें जातें. तें प्रेमानें उच्चारलें जातें, म्हणूनच त्याचा दोष दिसत नाहीं. परंतु दूरच्या माणसाजवळ आपल्या शब्दाखेरीज दुसरें काय असतें? तो शब्द एकदां पोकळ निघाला कीं पुढच्या प्रत्येक 'सर्व ठीक आहे' ह्या वाक्यावर त्याची रात्र जाते. आमच्या घरीं आतां ठरलें आहे कीं वाईट बातमी त्याच दिवशीं कळवावयाची. मात्र ती कळवितांना काय झालें, आम्हीं काय केलें आणि तुला काय करतां येण्याजोगें आहे, ह्या तीन गोष्टी एकदम सांगावयाच्या. सत्य प्रिय करून सांगण्याची कला बहुधा हीच असावी.

पुतणीच्या कचेरीला ते पुढचें काम मिळेल कीं नाहीं, हें अद्याप कळलेलें नाहीं. मातुश्री आतां वॉकर धरून देवघरापर्यंत जातात. देवळांत मात्र अजून जाववत नाहीं. आणि कोणीं विचारलें तर आम्ही तसेंच सांगतों.