उंचावलेला अंगठा

हल्ली मुले सुट्टीसाठी बालीला जातात आणि कधी आईवडिलांनाही सोबत नेतात. तिथे समुद्रात बुडी मारण्याचा आग्रह होतो. माझ्या मुलीने तो केला आणि पन्नाशी उलटलेली मी हसत राजी झाले. त्या दिवशी मी डॉक्टर असूनही केलेली चूक आज आपल्यापुढे मांडते.

बालीच्या ईशान्य किनाऱ्यावर तुलांबेन हे गाव आहे. १९४२ साली जपानी पाणबुडीच्या माऱ्यात निकामी झालेले 'लिबर्टी' हे अमेरिकी मालवाहू जहाज इथे किनाऱ्याला लावले गेले; १९६३ साली आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकाने ते पाण्यात सरकले. आज त्याच्यावर प्रवाळ वाढले आहे.

मला दोन दिवस सर्दी होती. आरोग्याच्या प्रश्नावलीत तिच्याविषयी विचारले होते. मी 'नाही' लिहिले, नाकात थेंब घातले आणि पाण्यात उतरले. तीन मीटरवरच उजव्या कानात तीव्र कळ आली. माझ्या मुलीच्या वयाच्या प्रशिक्षकाने खुणेने विचारले, 'ठीक?' मुलगी पाहत होती. मी ऐटीत अंगठा वर केला. पाण्याखाली 'ठीक' सांगण्यासाठी अंगठा आणि तर्जनी जोडून वर्तुळ करतात. वर केलेला अंगठा म्हणजे 'वर चला'. सकाळी शिकवलेले मी विसरले होते. त्याने मला सावकाश वर आणले. माझ्या विसराळूपणानेच माझा कान वाचवला.

असे का होते? दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकल्यास घशाकडून कानात हवा जाते व दाब सारखा होतो. सर्दीत ही वाट सुजलेली असते. थेंबांचा परिणाम पाण्याखालीच ओसरला, तर वर येताना हवा कानात कोंडते. म्हणून सर्दी असताना बुडी नकोच. दमा, हृदयविकार वा रक्तदाब असल्यास आधी डॉक्टरांना दाखवावे. पाण्याखाली श्वास कधीही रोखू नये. वर येताना फुप्फुसातील हवा प्रसरण पावते. एकाहून अधिक बुड्या घेतल्यास शेवटच्या बुडीनंतर किमान अठरा तास विमानप्रवास टाळावा. नंतर सांधे दुखले वा अंगाला मुंग्या आल्या, तर प्राणवायू सुरू करून तातडीने रुग्णालय गाठावे. प्रवासविम्यात बुडीचा समावेश आहे का, हेही घरूनच पाहावे.

किनाऱ्यावर ओशाळून बसले असता, गावातील स्त्रिया हवेची जड नळकांडी डोक्यावरून वाहून नेताना दिसल्या. आपली मौज त्यांच्या श्रमांवर उभी असते. त्यांना वाट द्यावी, विचारल्याविना छायाचित्र घेऊ नये. वाटेवर ठेवलेला फुलांचा नैवेद्य ओलांडू नये, मंदिरात कमरेला वस्त्र गुंडाळावे, प्रवाळाला हात लावू नये. आपल्या गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे शक नववर्षाचा 'न्येपी' हा मौनाचा दिवस येतो. विमानतळही चोवीस तास बंद असतो. त्या दिवशी पाहुण्यानेही मुकाट घरात बसावे.

मी प्रशिक्षकाला सर्दीचे खरे सांगितले. तो रागावला नाही. "समुद्र कुठे जात नाही," एवढेच म्हणाला. माझ्यापासून काही लपवणाऱ्या रुग्णांवर मी पूर्वी चिडत असे. आता मी शांतपणे पुन्हा एकदा विचारते.